हा तिएन : तीन दरबारांच्या सावलीतलं बंदर

1708 साली सयामच्या आखाताच्या काठी जुगाराच्या अड्ड्यांवर गबर झालेल्या एका चिनी माणसाने आपलं अख्खं बंदर एका दूरच्या दरबाराच्या पायाशी वाहिलं. माणसाचं नाव माक कू. दरबार होता न्गुएन घराण्याचा. आजच्या व्हिएतनामच्या दक्षिणेकडचा मुलूख तेव्हा त्यांच्या ताब्यात होता. बंदर ज्या जमिनीवर उभं होतं ती जमीन मात्र कंबोडियाच्या ख्मेर राजाची होती, आणि माक कूला मिळालेला हुद्दाही त्याच राजाने दिलेला होता. एकाची वस्तू दुसऱ्याने तिसऱ्याला बहाल करावी, अशा या व्यवहारातून हा तिएन नावाचा मुलूख व्हिएतनामच्या इतिहासात शिरला. पुढे तो देशाच्या दक्षिणेतल्या सहा मोठ्या प्रांतांपैकी एक झाला. आज त्या नावाचा प्रांत नाही.

माक कू 1655 साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात, लेइचौ इथे जन्मला. तोवर मिंग घराणं कोसळलं होतं आणि उत्तरेकडून आलेल्या मांचूंनी चिंग राज्य स्थापलं होतं. नव्या राज्यकर्त्यांचा हुकूम होता की प्रत्येक पुरुषाने कपाळाकडचे केस भादरावेत आणि मागे वेणी सोडावी. दक्षिण चीनमधल्या हजारोंना ते मानवलं नाही. गलबतं भरून माणसं आग्नेय आशियाच्या बंदरांकडे निघाली, त्यात तरुण माक कूही होता. तो कंबोडियाच्या दरबारात पोचला, राजाची मर्जी त्याने संपादन केली आणि ‘ओकन्या’ ही मानाची पदवी मिळवली.

राजधानीत गटबाजी माजलेली पाहून त्याने समुद्राकाठची एक जागा मागून घेतली. तिथे ख्मेर, चिनी, मलय, व्हिएतनामी असे सगळ्या प्रकारचे व्यापारी येत आणि गाठीचा पैसा जुगारात घालवत. माक कूने अड्ड्यांवरचा कर वसूल करण्याचा मक्ता घेतला आणि बघता बघता तो धनाढ्य झाला. त्याला जमिनीत पुरलेलं चांदीचं घबाड सापडलं, असंही त्या भागात सांगतात. पैसा कुठूनही आलेला असो, त्याने तो गाडून ठेवला नाही. परागंदा लोकांना बोलावून त्याने किनाऱ्यावर सात गावं वसवली. आज कंबोडियात असलेल्या कंपोंग सोमपासून व्हिएतनामच्या टोकाला असलेल्या का माऊपर्यंत ही साखळी पसरली होती. फू क्वोक बेटही तिच्यात होतं.

मग एवढं सगळं उभं केल्यावर ते दुसऱ्याला द्यायचं कशाला? कंबोडियात त्या काळी गादीचा वाद सुरू झाला की एक दावेदार सयामची फौज आणायचा आणि दुसरा न्गुएन अधिपतींची. दोन्ही फौजांच्या वाटेवर हा किनारा होता. ख्मेर राजा स्वतःलाच सांभाळू शकत नव्हता, तो माक कूला काय सांभाळणार? पश्चिमेकडचा सयाम जवळचा आणि भुकेला. पूर्वेकडचे न्गुएन दूरचे, पण त्यांचा जोर वाढत होता. दूरच्या धन्याला मुजरा करावा आणि घरात आपणच मालक राहावं, हे गणित व्यापाऱ्याच्या डोक्याला चटकन सुचणारं होतं. न्गुएन फुक चू या अधिपतीने त्याला हा तिएनचा सेनापती नेमलं. नियुक्ती त्यांची असली तरी वसुली, फौज आणि वारसाहक्क हे सगळं माक घराण्याकडेच राहिलं. उत्तर व्हिएतनाममध्ये माक नावाच्याच एका घराण्याने पूर्वी राजगादी बळकावली होती. त्यांच्याशी आपलं नाव जोडलं जाऊ नये म्हणून या घराण्याने आडनावाचं चिनी अक्षरसुद्धा बदलून घेतलं. निष्ठेचा पुरावा द्यायचा तर इतक्या बारकाईने!

तरीही सयामचा तडाखा चुकला नाही. कंबोडियाच्या एका वारसायुद्धात 1718 च्या सुमारास सयामी आरमाराने बंदर जाळलं. थोड्याच वर्षांत अलेक्झांडर हॅमिल्टन या स्कॉटिश कप्तानाने या बंदराच्या राखरांगोळीची नोंद केली. त्याचं पुस्तक 1727 साली निघालं. हा हॅमिल्टन मुंबईच्या इतिहासातही भेटतो, कारण मुंबईत इंग्रज कंपनीच्या आरमाराचं प्रमुखपद त्याने काही काळ सांभाळलं होतं. माक कू जळालेल्या गावात परतला, त्याने कोट बांधला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

1735 साली तो वारला. गावामागच्या बिन्ह सान टेकडीवर त्याची समाधी आहे आणि भोवताली त्याच्या घराण्यातल्या इतरांच्या. गादीवर आला मुलगा माक थिएन तू. बाप चिनी, आई व्हिएतनामी, शिक्षण कन्फ्युशियन ग्रंथांचं आणि शेजार ख्मेरांचा. जुगाराच्या पैशावर उभ्या राहिलेल्या बंदराला त्याने कवींचं गाव केलं. 1736 साली त्याने ‘चिएउ आन काक’ नावाचं कविमंडळ स्थापलं. हा तिएनची दहा स्थळं निवडून त्याने प्रत्येकावर एक अशा दहा कविता लिहिल्या आणि इतर कवींना त्याच विषयांवर लिहायला सांगितलं. एकतीस जणांनी प्रतिसाद दिला. त्यांत चीनहून गलबतांवर येणारे कवी होते आणि व्हिएतनामीही होते. मिळून 320 कविता झाल्या आणि 1737 मध्ये त्यांचा संग्रह छापला गेला.

या दहा विषयांची नुसती यादी वाचली तरी त्या गावाचा स्वभाव कळतो. सरोवरावर उमटलेलं चंद्रबिंब, कड्यावर उतरणारे बगळे, पहाटेची मठातली घंटा, ढग गिळणारी गुहा, कोळ्यांच्या नावा हे सगळं चिनी काव्यपरंपरेच्या ओळखीचं. पण यादीत पहिलं येतं ते लाटा अडवणारं सोन्याचं बेट. हे बेट बंदराच्या तोंडाशी होतं आणि समुद्राकडून येणाऱ्या शत्रूला तिथेच थोपवायचं असे. आणखी एक विषय आहे जांग थानच्या ठाण्यावर रात्री वाजणारा नगारा. हे ठाणं ख्मेर सरहद्दीवरचं आणि नगारा पहाऱ्याचा. कविसंमेलन भरवणाऱ्या या राजाला रात्री झोप लागण्यापूर्वी तो आवाज कानावर यावा लागत असणार. निसर्गवर्णनाच्या यादीत त्याने आपली संरक्षणव्यवस्थाच मांडून ठेवली होती.

गावही तसंच आखलेलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ट्रिन होआय डुक या इतिहासकाराने दक्षिणेच्या प्रदेशवर्णनात हा तिएनचे एकमेकांना छेदणारे रस्ते नोंदवले आहेत, आणि व्हिएतनामी, चिनी, ख्मेर, मलय असे लोक आपापल्या आळीत कसे राहत तेही. न्गुएन अधिपतींनी माक घराण्याला नाणी पाडायची मुभा दिली आणि काही जहाजांना करमाफी. मलय बेटांवरचं कथील इथे उतरायचं आणि कँटनला जायचं. कथिलाच्या मक्तेदारीवर डोळा ठेवून बसलेल्या डचांना हा चोरटा रस्ता फार सलायचा. आतल्या मुलखातून तांदूळ, वेलदोडे, हस्तिदंत, मेण यायचं. 1768 साली पिएर प्वाव्र या फ्रेंच लेखकाने आपल्या पुस्तकात हे ठिकाण आदर्श वसाहत म्हणून रंगवलं. येणाऱ्याला जमीन देणारा, अवजारं देणारा आणि कुणाच्या धर्मात नाक न खुपसणारा शहाणा राजा, असं ते चित्र होतं.

चित्रात राजकारण नव्हतं. 1739 मध्ये ख्मेर फौज चालून आली ती माक थिएन तूने परतवली. पुढे कंबोडियाच्या गादीचा एक दावेदार पळून त्याच्याच आश्रयाला आला. माकने त्याला मानसपुत्र मानलं आणि न्गुएनांच्या मदतीने गादीवर बसवलं. उपकाराची परतफेड म्हणून 1757 साली त्या राजाने कंपोतसह पाच परगणे माकला दिले. माकने ते रीतीप्रमाणे न्गुएनांना अर्पण केले आणि न्गुएनांनी ते कारभारासाठी त्याच्याच हाती ठेवले. कागदावर मालक बदलत होते, तिजोरीच्या किल्ल्या मात्र हा तिएनमध्येच होत्या.

हा डाव उलटला तो सयाममुळे. 1767 मध्ये बर्मी फौजेने सयामची राजधानी अयुथ्या उद्ध्वस्त केली. त्या धामधुमीतून ताकसिन नावाचा सेनानी पुढे आला. त्याचे वडील तेओच्यू भाषक चिनी होते, आणि आखाताच्या किनाऱ्यावरचे तेओच्यू व्यापारी त्याच्या पाठीशी उभे राहिले. अयुथ्येचा एक राजपुत्र पळून हा तिएनला आला, तेव्हा माक थिएन तूला वाटलं की आता सयामच्या गादीवरही आपला माणूस बसवता येईल. त्याने चीनच्या दरबाराशी पत्रव्यवहार करून ताकसिन हा बळजबरीने आलेला आहे असं पटवलं, आणि काही काळ पेकिंगने ताकसिनला मान्यता दिलीही नाही. 1769 मध्ये त्याने चांथाबुरीवर आरमार धाडलं. रोगराईने ते मोडलं. आयुष्यभर इतरांच्या भांडणात तराजू धरून बसलेला माणूस प्रथमच स्वतः पारड्यात उतरला होता.

सयामी राजपुत्रांच्या पळापळीत आणखी एक जण सापडला. पिन्यो द बेएन हा तरुण फ्रेंच मिशनरी हा तिएनजवळच्या होन डात इथे पाद्र्यांची शाळा चालवत होता. एका सयामी राजपुत्राला लपवल्याच्या आरोपावरून 1768 मध्ये माकच्या शिपायांनी त्याला पकडलं आणि गळ्यात लाकडी खोडा अडकवून कैदेत टाकलं. सुटल्यावर पुढच्याच वर्षी तो विद्यार्थ्यांसह मलाक्काला पळाला आणि तिथून भारतात आला. पाँडिचेरीजवळच्या विरामपट्टणम इथे त्याने आपली शाळा पुन्हा मांडली.

1771 च्या अखेरीस ताकसिन स्वतः आरमार घेऊन आला. सयामी वेढा पडलेला असताना दारूच्या कोठाराचा स्फोट झाला आणि बंदर पडलं. माक थिएन तू नदीने आतल्या मुलखात पळाला, त्याच्या घरची माणसं कैदी झाली. सयामी दोन वर्षांनी परत गेले, पण गेले ते व्यापार मोडूनच. तेवढ्यात न्गुएनांच्याही घरात आग लागली होती. ताय सोन बंडखोरांनी 1777 मध्ये त्यांचं राजघराणं जवळजवळ निर्वंश केलं. धनीच उरला नाही तेव्हा उतारवयातला माक थिएन तू ज्याने गाव जाळलं त्याच ताकसिनच्या दारात आश्रयाला गेला. 1780 मध्ये ताकसिनला कटाचा संशय आला. माकने आत्महत्या केली आणि त्याचे मुलगे व आश्रित मिळून अनेकांची कत्तल झाली.

ताय सोनांच्या कत्तलीतून न्गुएन घराण्याचा एक पोरवयाचा राजपुत्र वाचला होता, न्गुएन आन. भारतातून परतलेल्या पिन्योने त्याला हा तिएनच्या परिसरात आसरा दिला. पुढे याच पाद्र्याने त्याच्यासाठी व्हर्सायला जाऊन तह केला, आणि फ्रेंच सरकारने हात आखडता घेतल्यावर पाँडिचेरीत जहाजं, दारूगोळा आणि स्वयंसेवक जमवले. 1802 मध्ये न्गुएन आन जा लाँग या नावाने अखंड व्हिएतनामचा बादशहा झाला. हा तिएनच्या दलदलीत लपून जगलेल्या मुलाचं राज्य आता चीनच्या सरहद्दीपासून का माऊपर्यंत होतं, आणि त्याला असल्या निमस्वतंत्र बंदरांची गरज उरली नव्हती.

1819 मध्ये जा लाँगने चाऊ डोक ते जांग थान असा कालवा खोदायचा हुकूम दिला. त्यातून मेकाँगच्या एका फाट्यावरून थेट हा तिएनच्या समुद्राला जाता येणार होतं, आणि सरहद्दही पाण्याने आखली जाणार होती. काम थोआय न्गोक हाऊ या अधिकाऱ्याकडे होतं. हजारो व्हिएतनामी आणि ख्मेर मजूर आळीपाळीने राबले. 1824 मध्ये सुमारे 90 किलोमीटरचा विन्ह ते कालवा पुरा झाला. त्याला नाव मिळालं ते अधिकाऱ्याच्या पत्नीचं, चाऊ थी ते हिचं. राजधानी हुएच्या राजवाड्यातल्या नऊ कांस्य कलशांपैकी एकावर त्याचं चित्र कोरलं गेलं.

ख्मेरांच्या आठवणीत हाच कालवा वेगळ्या रूपात आहे. तीन ख्मेर मजुरांना गळ्यापर्यंत पुरलं, त्यांच्या डोक्यांच्या चुलीवर व्हिएतनामी साहेबाचा चहा उकळत ठेवला आणि हलू नका, धन्याचा चहा सांडेल अशी तंबी दिली, ही कथा कंबोडियात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ती जशीच्या तशी घडली की नाही हा प्रश्न बाजूला ठेवू. पुढे दीडशे वर्षांनी त्या कालव्याकाठी जे घडलं, त्याच्या मागे अशा कथांचं ओझं होतं.

1832 साली मिन्ह मांग बादशहाने दक्षिणेचे सहा प्रांत पाडले. सर्वांत पश्चिमेचा हा तिएन. किएन जांग हा त्यातलाच एक तालुका होता आणि का माऊची टोकाची जमीनही त्याच प्रांतात होती. पुढच्याच वर्षी ले वान खोई याने दक्षिणेत बंड पुकारलं, सयामी फौज पुन्हा घुसली आणि माक कुळातल्या काहींनी बंडखोरांकडून पदं स्वीकारली. बंड चिरडल्यावर त्यांना शिक्षा झाल्या. सव्वाशे वर्षं चाललेला या घराण्याचा अंमल तिथे संपला. प्रांत म्हणून हा तिएनचा दर्जा वाढला होता, पण आता त्याचे निर्णय हुएमध्ये होत होते. व्यापारही हटत गेला. कंबोडियाने कंपोतला स्वतःचं बंदर उभारलं, आणि फ्रेंचांनी जिंकलेलं सायगाव 1860 मध्ये व्यापाराला खुलं केल्यावर मोठ्या जहाजांनी उथळ पाण्याच्या हा तिएनकडे वळण्याचं कारणच राहिलं नाही.

जून 1867 मध्ये फ्रेंचांनी पश्चिमेचे तीन प्रांत घेतले. वृद्ध राजप्रतिनिधी फान थान जान याने रक्तपात टाळण्यासाठी विन्ह लाँगचा किल्ला सोडला आणि उरलेल्या दोन प्रांतांनाही प्रतिकार न करण्याचा निरोप धाडला. 24 जूनला हा तिएन गेलं. फान थान जानने ऑगस्टमध्ये विष घेतलं. हा तिएन प्रांतात बादशहाने न्गुएन ट्रुंग ट्रुक या कोळ्याच्या पोराला किल्लेदार नेमलं होतं. 1861 मध्ये फ्रेंचांची ‘एस्पेरांस’ ही युद्धनौका जाळणारा तो हाच. त्याचा किल्ला त्याच्या हाती येण्याआधीच पडला. जून 1868 मध्ये त्याने राच जाचं फ्रेंच ठाणं रात्री छापा घालून जिंकलं, काही दिवस राखलं आणि मग फू क्वोक बेटावर माघार घेतली. तिथे तो हाती लागला. 27 ऑक्टोबरला राच जाच्या बाजारात त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्या पुण्यतिथीला आजही तिथे मोठी जत्रा भरते.

1900 पासून फ्रेंचांनी पुन्हा हा तिएन नावाचा प्रांत केला, पण तो किनाऱ्याची पट्टी आणि फू क्वोक एवढाच. इथे आणि शेजारच्या कंपोतमध्ये हैनानी मळेवाल्यांनी पिकवलेली मिरी फ्रान्सच्या जेवणघरांत जाई. दोन्ही बाजूंना फ्रेंचच असल्याने सरहद्द ही कारभाराची बाब होती. 1939 मध्ये गव्हर्नर जनरल ब्रेव्हिए यांनी समुद्रातली बेटं कुणाच्या पोलिसांकडे असावीत हे ठरवायला एक रेषा ओढली. फ्रेंच गेल्यावर तीच रेषा दोन देशांच्या भांडणाचा विषय झाली.

या आडबाजूच्या प्रांताने जुना वारसा मात्र जपला. 1906 साली इथे जन्मलेल्या लाम तान फाक याने तिथल्या सरोवरावरून ‘डोंग हो’ हे टोपणनाव घेतलं. सरकारी शाळांत फ्रेंचचा दबदबा असताना 1926 मध्ये त्याने त्या सरोवराकाठी व्हिएतनामी शिकवणारी शाळा काढली आणि चिएउ आन काकच्या कवींवर आयुष्यभर लिहिलं. 1969 मध्ये सायगावच्या विद्यापीठात वर्गात कविता म्हणत असतानाच तो कोसळला आणि गेला.

तोवर त्याचा प्रांत गेला होता. ऑक्टोबर 1956 मध्ये दक्षिण व्हिएतनामच्या न्गो दिन्ह दिएम सरकारने हा तिएन आणि राच जा एकत्र करून नवा प्रांत केला आणि त्याला नाव दिलं किएन जांग. जो एकेकाळी हा तिएनचा तालुका होता, त्याच्याच पोटात आता हा तिएन होतं. 1975 नंतर सरहद्द पेटली. मे 1975 मध्ये कंबोडियात सत्तेवर आलेल्या ख्मेर रूजच्या सैनिकांनी थो चू बेटावरचे सुमारे पाचशे रहिवासी उचलून नेले. ते परत आले नाहीत. मार्च 1978 मध्ये हा तिएनजवळच्या मी डुक गावात शंभरावर माणसं मारली गेली आणि एप्रिलमध्ये विन्ह ते कालव्याजवळच्या बा चुकमध्ये तीन हजारांहून अधिक. वर्षाअखेरीस व्हिएतनामी फौजा कंबोडियात शिरल्या. बेटांचा प्रश्न 1982 च्या करारात ब्रेव्हिए रेषा धरून मिटवला गेला.

1 जुलै 2025 रोजी व्हिएतनामने 63 प्रांतांचे 34 केले आणि जिल्ह्यांची पायरी काढून टाकली. किएन जांग शेजारच्या आन जांगमध्ये विलीन झालं आणि 2018 मध्ये शहराचा दर्जा मिळालेलं हा तिएन आता वॉर्डांत वाटलं गेलं. त्यातल्या एकाला हा तिएनचं नाव आहे, दुसऱ्याला जवळच्या ‘तो चाऊ’ टेकडीचं.

हा तिएनचा उत्कर्ष झाला तो इथली सरहद्द धूसर होती तोवर. माक कूला ख्मेर पदवी आणि व्हिएतनामी नियुक्ती एकाच वेळी मिरवता येत होती, कारण या दलदलीत कुणाचं राज्य कुठे संपतं हे कुणालाच ठरवायचं नव्हतं. त्या धूसरपणाची किंमतही गावाने जळून मोजली. पण पुढे कालवा, प्रांत, ब्रेव्हिएची रेषा, करार अशा प्रत्येक टप्प्यावर जमिनीची मालकी जसजशी पक्की होत गेली, तसतसं मधल्या माणसाचं काम संपत गेलं. तीन दरबारांना सांभाळून जगलेल्या बंदराला शेवटी एकाच दरबारात जागा मिळाली, आणि तिथे ते टोकाचं एक गाव ठरलं.